बाकडं काढलं

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आणि बाकडं काढायला दुकानवाल्यांना सांगितलं कुणी? नारायण पेठेतलं चार मजली दुकान. लग्न झाल्यापासून चादरी, कुकर, परकराचं कापड, सगळं तिथंच घेते. दारापाशी पंख्याखाली लांब बाकडं होतं. बायका वर, नवरे बाकड्यावर, पिशव्या मांडीवर. सगळी पेठ तशीच बाजार करायची. आठवड्यातनं तेवढे दोन तास माझे. आज बघते तर बाकड्याच्या जागी सेंटच्या बाटल्या! स्कूटरवरून आणतात हेच, मग आता दुकानभर माझ्या मागं मागं. टॉवेल हातात घेतला तर, 'घरात आहेत की चार.' तुम्हाला विचारलं कुणी?

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

मॅनेजर दत्तप्रसादला गाठलं. 'ताई, बाकड्यावर बसून कुणी काही विकत घेत नाही.' म्हटलं, त्यांना बसवल्याशिवाय आम्हाला घेता येत नाही. हसला मेला.

तेवढ्यात हे साड्यांपाशी. कोण कुठली बाई आरशासमोर दोन साड्या धरून उभी — तिला सरळ म्हणाले, 'हिरवी नको, आजारी दिसाल.' मी खांबामागं गेले. ओळख दाखवायची सोय नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर

काउंटरवरची ऋतुजा सांगत होती, ती बाई आज नणंदेला घेऊन आली. 'ते खरं बोलणारे काका कुठायत?' नणंदेनं तीन घेतल्या.

हे घरी आल्यापासून आरशात बघतायत.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दत्तप्रसादनं ह्यांना कामावर ठेवलं. साडी विभाग. कंपनीनं लवकर घरी बसवल्यापासून सोफ्याला चिकटलेला माणूस आज स्वतः शर्टाला इस्त्री करत होता.

बरंच झालं. दुपारी बसनं गेले आणि टॉवेल घेतले. सहा.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मुद्दाम ह्यांच्याच काउंटरला गेले. घरी पाण्याचा पेला उचलत नाहीत, इथं वीस साड्या उलगडून दाखवल्या. वर परत घड्या घातल्या! जांभळी खांद्यावर टाकली तर मान हलवून म्हणाले, 'छान दिसते. पाणी मागवू का, ताई?'

ताई.

ऋतुजानं तोंडात पदर कोंबला, तोही विकायच्या साडीचा.

म्हटलं, साडी राहू द्या. मी तुमची कोण लागते ते सोमवारपर्यंत सांगा. तोवर जेवायचं बाहेर.