झालरीच्या कोटातला गायक

बाबा, तुम्ही आता अमेरिकी गायक झाला आहात. हसू नका. इथल्या, जपानमधल्या कोबेतल्या आमच्या कपड्यांच्या कंपनीनं तुम्हाला घोडा दिलाय, रुंद काठाची टोपी दिलीय आणि क्लॅरिनेट काढून घेऊन हातात गिटार दिलीय. सांगलीच्या लग्नाच्या बँडमध्ये जन्म काढलेल्या तुम्हाला एक ओळ सुरात म्हणता येत नव्हती, हे इथे कुणाला ठाऊक नाही.

सुरुवात माझ्याच हातून झाली. मी इथे डिझायनर आहे. अमेरिकेतल्या गावाकडच्या गाण्यांची, कंट्री संगीताची, इथे भारी हौस. आठवडाभर ऑफिसात मान मोडून काम करणारी माणसं शनिवारी आमच्या दुकानात झालरीचे शर्ट आणि उंच बूट घालून येतात, कधी न पाहिलेल्या शेतांची गाणी म्हणतात, रांगेत नाचतात आणि गाणं संपलं की एकमेकांना कमरेत वाकून नमस्कार करतात. मजा येते, खोटं कशाला सांगू? एकदा मीटिंगमध्ये बॉस म्हणाले, काहीतरी ‘नात्सुकाशी’ हवं, म्हणजे जुन्याची ओढ लावणारं. मी तुमचा बँडचा कोट आठवून कागदावर काढला. लाल, खांद्यावर सोनेरी झालर, पितळी बटणं. कुणाचा, असं त्यांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, एका गायकाचा. मग त्याची गोष्टही मीच लिहायची ठरली, कारण आमच्या प्रत्येक कोटाच्या खिशात एक छापील गोष्ट असते. वरातीतली घोडी तुमची स्वतःची झाली, मे महिन्यातला फुफाटा परदेशी माळावरचा झाला. कोट हातोहात खपले. तुमची नात शाळेत सांगून आली की आजोबा काउबॉय होते. मी खरं सांगायला गेले तर म्हणते, "बट ही इज कूलर, आई."

तुम्हाला तो कोट डोळ्यांसमोर नको असायचा. मला आपलं स्वयंपाकघर दिसतं. तुम्ही दुपारच्या वरातीतून आलाय, बनियनवर माठाशेजारी बसलाय, आई तुमच्या घामोळ्यांवर ओलं फडकं ठेवतेय. मी कोट अंगात घालून मिरवतेय. "काढ तो आधी!" तुम्ही ओरडता. "हौसेनं घालायची चीज हाय व्हय ती? आत माणूस उकडून निघतोय, ते कुणाला दिसत न्हाई." मी रुसून बसले होते. आता दर शनिवारी मी तोच कोट घालून, गायकाची मुलगी म्हणून, दुकानात हसत उभी असते. नको म्हणायची सोय नाही. व्हिसा कंपनीमुळे, घर कंपनीचं, आणि लेकीला या शाळेशिवाय दुसरं जग माहीत नाही. एसी चालू असतो आणि तरी पाठ भिजते.

आता दुखवट्याचा काळा कोट बाजारात यायचाय, म्हणून गोष्टीतल्या गायकानं मरायचंय. तेही मीच लिहिलं. तो आजारी पडतो, दूरदेशी असलेली मुलगी निघते, पोचते आणि त्याचा हात हातात घेते. तुम्ही गेलात ते माझं इथलं पहिलं वर्ष होतं. माझं विमान उतरलं तोवर दादानं अग्नी दिला होता. हे ऑफिसात कुणालाच माहीत नाही, त्यामुळे बॉसना दोष देता येत नाही. त्यांनी शांतपणे वाचलं. "छान आहे, पण फार गोड होतंय," ते म्हणाले. "असा गायक एकटाच मरतो. लोकांना तसाच हवा असतो." आणि मुलगी पोचते ते वाक्य त्यांनी खोडलं. मी "हाय" म्हणाले, म्हणजे हो, आणि मजकूर छपाईला गेला.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? इथेच ठेवते. एवढंच सांगायचं होतं की गोष्टीत का होईना, मी वेळेवर पोचले होते, बाबा. ‘ते वाक्य राहू द्या’, एवढंसुद्धा मला बॉसना म्हणता आलं नाही.