उन्हात सुटलेला जोड

मंगळवार, मे, संध्याकाळ

दुपारी तो गोल तुकडा माझ्या हातात दोन झाला आणि तिथंच सगळं संपलं.

सावनेरकडे रेल्वेचे नवे रूळ येणार, त्यांच्याखाली डांबराचे दोन थर टाकलेत; मी तिथंच कामाला. थरांचा जोड तपासायला कापून काढलेला तो तुकडा एसीच्या खोलीतल्या चाचणीत पास झाला. मला पटेना. तोच उन्हात ठेवला आणि तापल्यावर पिळला, तर थर साबणासारखे सरकले. आतली बाजू गुळगुळीत, चकचकीत, म्हणजे थर चिकटलेच नव्हते. वरचं डांबर थंड झाल्यावर टाकलं, दुसरं काय!

सुपरवायझर काका, म्हणजे माझ्या पल्लवीचे बाबा, ओरडले, "इंजिनिअरिंग अर्धं सोडलं अन् मले शिकवून राहिला? पास झालं ना बे!"

"काका, रूळ काय एसीत राहणार हायेत?"

सगळे हसले. ते नाही. बोलायला नको होतं का?

आत्ता पल्लवीचा फोन. "बाबाची नोकरी जाईन. माह्यासाठी तरी चूप राह्य ना गा."

तिच्यासाठी मी काय केलं नसतं? पण उद्या वर खडी पडली की ती चकचकीत बाजू कुणालाच दिसणार नाही. रेल्वेचे साहेब अजून ऑफिसात असतील. दोन्ही तुकडे पिशवीत घातलेत. फोन पुन्हा वाजतोय, तिचाच. वाजू दे इथंच टेबलावर. मी दार लावून निघतो.