फिलूबायचं टायपिंग

३ ऑक्टो.
मुख्याध्यापकांचं फर्मान : दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेच्या ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर नव्या सिस्टिमवर. हेडक्लार्क मी, म्हणून काम माझं. फिलूबाय, आमची टायपिस्ट, माझ्याआधी पंधरा वर्षं इथे. तिने विचारलं, "सुनील, माझा मराठी टायपिंग चलतला मां?" म्हटलं, "चलतला गो." तपासलं नव्हतं.

७ ऑक्टो.
तिचं मशीन केलं. तिने जुनी पत्रं उघडली तर अक्षरांच्या जागी कंस, आकडे, उद्गारचिन्हं. तिचा टायपिंगचा प्रोग्रॅम नवी सिस्टिम घेतच नाही. बनवणारी कंपनी कधीच बंद पडलीय. जुन्या सिस्टिमवर परतायचं बटण दिसतं, दाबलं जात नाही.

८ ऑक्टो.
कुडाळचा दुरुस्तीवाला आला. "मॅडम, नवीन पद्धत शिका. महिन्याभरात जमेल." फिलूबाय त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

१० ऑक्टो.
गेल्या वर्षी पास झालेली रेश्मा शाळेच्या दाखल्याला आली. नर्सिंगचा प्रवेश, उद्या शेवटचा दिवस. फिलूबाय एरवी गप्पा मारत, न बघता दाखला काढते. आज एका बोटाने. रेश्मातला अर्धा श सापडेना. पोर सारखी घड्याळ बघतेय, एसटी चुकेल म्हणून. शेवटी मी म्हटलं, "बाजूक सर गो बाय, मी करतंय." खुर्ची ओढलीच जवळजवळ. सगळ्यांदेखत. नव्या पद्धतीने मी दाखला काढला. रेश्मा गेली.
फिलूबाय खिडकीपाशी उभी. कॉम्प्युटरकडे पाठ.

१३ ऑक्टो.
दोन दिवस आली नाही. देवबागला तिच्या घरी गेलो. चहा दिला, नीट बोलली. निघताना म्हणाली, "खुर्चीचा काय नाय रे. पण चलतला म्हणान खोटा कित्याक सांगलंस?"
मोटरसायकल चालू व्हायला तीन किका लागल्या, ती दारातच उभी.

१५ ऑक्टो.
टपालात तिचा स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज. हाताने लिहिलेला, सुंदर अक्षर. इनवर्डच्या, म्हणजे आवक टपालाच्या, वहीत नोंद केली नाही. कधीतरी करावीच लागेल.
दुरुस्तीवाला फोनवर म्हणतो, टायपरायटरची जुनी मांडणी, फिलूबायच्या सवयीची, नव्या सिस्टिमवर बसते. "बहुतेक." दुपारभर बसून बसवली. साधी अक्षरं येतात. त्या मांडणीतल्या जोडाक्षरांचं मला काय कळणार, ती तिच्या बोटांत.
फोन केला. "बाय, काय तरी बसवलंय. चलता काय नाय, माका ठावक नाय. तूच येवन बघ."
तिने विचारलं, "आणि नाय चलला तर?"
म्हटलं, "तर नाय चलला."
"बरा," म्हणाली, आणि फोन ठेवला.