पान एकशे बारा आणि चुलीवरचे दूध

हे मृत्युपत्र वाचणाऱ्याच्या एक गोष्ट कधी ना कधी लक्षात आली असेल. वापरातले कोणतेही पुस्तक कण्यावर, म्हणजे शिवणीच्या बाजूवर, टेबलावर उभे धरावे आणि दोन्ही हात एकदम सोडावेत. पुस्तक उघडते, पण वाटेल तिथे उघडत नाही. पुन्हा पुन्हा तेच पान समोर येते. असे का व्हावे? माझ्या पुस्तकांची व्यवस्था या प्रश्नावर अवलंबून असल्याने उत्तर आधी देतो, मिळकतीकडे नंतर वळतो.

पुस्तकाची पाने दोऱ्याने शिवून कण्याला सरस लावलेला असतो. वाचणारा ज्या पानावर फार वेळ थांबतो, तिथे तो पुस्तक अंगठ्याने दाबून धरतो. त्या जागी सरस तडकतो, दोरा सैलावतो आणि पुढे पुस्तक तिथेच उघडू लागते. म्हणजे वाचणारा कुठे थांबला होता, हे पुस्तक सांगते. कोण थांबले होते, हे मात्र सांगत नाही. छत्तीस वर्षे विज्ञान शिकवूनही ही गोष्ट मला साठाव्या वर्षी समजली.

मी, बाबालाल हुसेन शिकलगार, वय वर्षे ६२, निवृत्त शिक्षक, राहणार शाहूपुरी, कोल्हापूर, बुद्धी शाबूत असताना व कोणाच्याही दडपणाशिवाय हे स्वहस्ते लिहीत आहे.

राहते घर, पोस्टातील बचत आणि भांडीकुंडी मुलगा इकबाल व मुलगी सुलतानबी यांना आमच्या धर्मकायद्याप्रमाणे जातील. त्यात मी काही ठरवीत नाही. वारस नसलेल्यांना एक तृतीयांशापर्यंत देण्याची मला मुभा आहे. माझी एकतीस पुस्तके त्यात सहज बसतात.

ही पुस्तके माझी आहेत, असे मी सन १९७७ पर्यंत समजत होतो. ती समजूत का मोडली, ते नोंदवणे भाग आहे.

सन १९६१ साली दर रविवारी चार शिक्षक माझ्या घरी एखाद्या पुस्तकावर चर्चा करण्यास जमत. एका रविवारी सत्याच्या शोधात घरदार सोडणाऱ्या नायकाची कादंबरी घेतली होती. त्याच्या त्यागाचे विवेचन मी तासभर केले. माझी पत्नी खैरुनबी, माहेर कागल, सातवी पास, चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, “तो गेला ते कळलं. पर चुलीवर दूध हुतं न्हवं? ते कुणी उतरवलं?”

चित्रकलेचे कृष्णात सर पोट धरून हसले. मी तिला शांतपणे समजावून सांगितले, की असे दूध या कादंबरीत कुठेही नाही आणि मोठे पुस्तक वाचताना स्वयंपाकघर बाहेर ठेवायचे असते. ती “बरं” म्हणाली आणि रिकामा ट्रे घेऊन आत गेली. त्यानंतर मरेपर्यंत, म्हणजे सोळा वर्षे, तिने माझ्यासमोर पुस्तकाचा विषय काढला नाही. तिला वाचनाची आवड नाही, असे मी लोकांना सांगत असे.

ती गेल्यावर, चाळिसावा झाल्यानंतर, कपाट आवरताना ती कादंबरी टेबलावर उभी ठेवली आणि ती उघडली. पान एकशे बारा. दहा वेळा करून पाहिले. दहाही वेळा एकशे बारा. नायक उंबरा ओलांडतो त्याच्या तीन ओळी आधी तिथे स्वच्छ छापले आहे, की चुलीवर दूध ठेवलेले होते. पुढच्या दोनशे पानांत त्या दुधाचे काय झाले, ते लेखकाने लिहिलेले नाही. तो विसरला, आणि मी वाचलेच नव्हते. त्या पानाचा खालचा कोपरा जुन्या लुगड्यासारखा मऊ झाला आहे. आपलेच तर चुकले नाही ना, हे ती किती वेळा पाहत असेल, ते मला सांगता येत नाही.

मी शेजारच्या शालूबाई सुतार यांना विचारले.

“तुमाला ठावं न्हवतं व्हय, मास्तर? तुमी भाईर पडलासा की भाभी रोज मला वाचून दाखवायची.”

मला का नाही सांगितले, असे मी म्हणालो. त्यांनी निवडायच्या तांदळाचे सूप पुढे ओढले. मग म्हणाल्या, “मीबी हेच इचारलंतं. म्हणाली, रागावलं असतं तर बरं की गं. ते रागवत न्हाईत. समजावून सांगत्यात.”

त्या दिवसापासून मी कोणाला काही समजावून सांगितलेले नाही. हे मृत्युपत्र तेवढा अपवाद.

खैरुनबीची मते शालूबाईंनी सांगितली तशी नोंदवतो. ती पुस्तकांसोबत जावीत. खुनाची रहस्यकथा नवव्या पानावर उघडते, कारण खुनी तिला तिथेच सापडला होता: चपला नेमक्या जागेवर काढून आत आला, म्हणजे घरचाच. युरोपच्या प्रवासवर्णनाबद्दल तिचे म्हणणे, की माणूस सात देश फिरला आणि कपडे कोणी धुतले याचा पत्ता नाही. सर्वांत चांगले पुस्तक तिच्या मते कोंबडीपालनाची सरकारी पुस्तिका. तिच्यात जेवढे ठाऊक आहे तेवढेच लिहिले आहे. कवितांचे पुस्तक पान एक्केचाळिसावर उघडते. ते तिने शालूबाईंना कधीच वाचून दाखवले नाही. ती आठ ओळींची कविता मी शंभरदा वाचली आहे. मला ती समजावून सांगता येणार नाही.

आता माझा अपराध. ती गेल्यावर पहिल्याच आठवड्यात, हाताला काही काम असावे म्हणून, मी आठ जीर्ण पुस्तके बांधणीला दिली. बांधणाऱ्याने नेमून दिलेले काम चोख केले: कडा कापल्या, नवा सरस लावला, दाबात ठेवली. त्यांत ताऱ्यांवरचे पुस्तक होते. शेवटच्या आजारात ते तिच्या उशाशी, औषधाच्या पेल्याखाली असे. मला वाटे, पेला ठेवण्यासाठीच आहे. शालूबाई तेव्हा गावी होत्या, त्यामुळे ते कुठे उघडत असे हे त्यांनाही ठाऊक नाही. ते पुस्तक आता दर वेळी निराळ्या पानावर उघडते. मी रोज सकाळी उभे करून पाहतो.

म्हणून एक सोडून बाकी सर्व पुस्तके मी शालूबाईंना देतो. त्यांना अक्षर येत नाही, ही हरकत इकबालने घेतली. त्या हरकतीला शालूबाईंनीच उत्तर दिले: “वाचाय येत न्हाय रं बाबा, पर कुठलं कुठं उघडतंय ते मला ठावं हाय.” इकबालची इच्छा आहे, की पुस्तके नव्याने बांधून माझ्या नावाने एखाद्या शाळेत काचेच्या कपाटात ठेवावीत. मुला, तुझा हेतू चांगला आहे, माझाही होता. यांतले एकही पुस्तक पुन्हा बांधू नये, दाबू नये.

बाकीची शालूबाईंनी आजच न्यावीत; ताऱ्यांचे पुस्तक तेवढे माझ्या मृत्यूपर्यंत माझ्याकडे राहील.

कृष्णात सरांना विनोदी लेखांचा संग्रह द्यावा. खैरुनबीच्या मते त्यात एकदाच हसू येते, तेही मुखपृष्ठावर. हसले ते, पण हसण्याची सोय मी केली होती. माझे भिंग सुलतानबीला द्यावे; ती वारस असल्याने लागणारी इकबालची संमती आहे.

सहीनंतर लिहिलेले ग्राह्य धरीत नाहीत, म्हणून शेवटची गोष्ट सहीआधी लिहितो. आपल्या घरात जे पुस्तक आपल्याशिवाय कोणी वाचत नाही अशी आपली खात्री आहे, ते घ्यावे. कण्यावर उभे करावे. हात सोडावेत. आपल्याला आठवत नसलेले पान उघडले, तर ते तसेच उघडे घेऊन स्वयंपाकघरात जावे आणि विचारावे. उत्तर पुरे होईपर्यंत मध्ये बोलू नये.

स्थळ: शाहूपुरी, कोल्हापूर
दिनांक: ९ सप्टेंबर १९७९
(सही) बाबालाल हुसेन शिकलगार

वरील सही आमच्यादेखत झाली. त्याआधी मास्तरांच्या सांगण्यावरून कादंबरी आम्ही दोघांनीही उभी करून पाहिली. एकशे बारा.

साक्षीदार:
१. (सही) बाबासो दत्तू चौगुले, निवृत्त पोस्टमास्तर
२. (सही) आक्काताई यशवंत कांबळे, परिचारिका