कुंडीतून निघालेल्या पिल्लांची वाटणी

१. माझ्या काचेच्या पेटीतील काडीकिड्यांची अंडी मावशीने, पेटी झाडताना, बिया समजून कुंडीत पेरली.
२. त्यांना पाणी आणि खत घातले.
३. काही महिन्यांनी कोंब न येता मातीतून पिल्ले चालत बाहेर आली.
४. मावशीने ती फेकली नाहीत.
५. येत्या मंगळवारी माझ्या डोक्यातील गाठीची शस्त्रक्रिया आहे.

पाचव्या कारणास्तव मी, जीवशास्त्र प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी बुद्धी आज शाबूत आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. गोंधळ आहे तो वारसांबाबत, आणि तो मी लपवत नाही.

माझा सूक्ष्मदर्शक प्रयोगशाळेतील मैत्रिणीला द्यावा. विभागप्रमुखांना काही नाही. उलट त्यांनी नेलेले माझे चिमटे त्यांच्याकडून परत आणावेत. बँकेतील शिल्लक मावशीला. हे स्पष्ट लिहिणे भाग आहे, कारण मृत्युपत्र नसेल तर कायद्याने सगळे आईकडे जाते. आई दुसऱ्या शहरात असते. मला मावशीने वाढवले.

पेटीतले प्रौढ किडे प्रयोगशाळेचे आहेत, ते परत करावेत. कुंडीतली पिल्ले कोणाची, हे मला ठरवता येत नाही. या जातीत नर लागत नाही. मादी एकटीच अंडी घालते आणि निघतात त्याही माद्याच. ती अंडी खाली पडू देते, मागे वळून बघत नाही. मुंग्याही ती बिया समजून वारुळात नेतात, म्हणून मावशीला हसण्याचे कारण नाही. तरी मी हसले होते.

"मावशी, ती अंडी होती."

"मग आधी सांगायचंस ना. खत वाया गेलं की माझं."

"पिल्लं प्रयोगशाळेत द्यावी लागतील. पेटीतल्या मादीची आहेत ती."

"तिनं बघितलं तरी का त्यांच्याकडे? गुलाबाची पानं कोण घालतंय रोज? माझ्या पोरी आहेत त्या. घेऊन तर जा बघू."

वकिलांना विचारले, पीक म्हणायचे की संतती? ते म्हणाले, "ताई, बँकेचं तेवढं नीट लिहा." मी अजून गोंधळलेलीच आहे. तूर्त पिल्ले मावशीची, असे लिहिते.

लिहून देणार: (सही)
साक्षीदार: शेजारच्या शिंपीणकाकू (सही), प्रयोगशाळेतील भांडारपाल (सही)
ठिकाण: मावशीच्या घरातील मागची खोली
वार: शुक्रवार

मावशी, पैशांचा विषय काढला की तू "मला नको तुझं काही" म्हणून उठून जातेस आणि पुढचे विचारायचे राहते, म्हणून हे लिहून विचारते. शस्त्रक्रियेच्या संमतीवर घरच्या माणसाची सही लागते. मी आईला अजून कळवलेले नाही. ती सही तू करशील का, ते रविवारी संध्याकाळपर्यंत सांग.