पडदा धुऊन परत दिला

प्रिय आई,

इथूनच पाया पडते, वाकायचंही त्राण उरलेलं नाही. काळजी करू नकोस, वेळेवर जेवते. बहुतेक वेळा.

आमच्या कॉलेजातल्या सिनेमा क्लबात आम्ही चौघंच. दाखवायला सिनेमा होता, पडदा नव्हता. तो नाटकवाल्यांच्या क्लबकडे, आणि हॉल कोणाला मिळायचा यावरून त्यांचं आमचं बोलणं बंद. शेवटी मीच नाक मुठीत धरून गेले. त्यांनी दिला, तोंड वाकडं करून.

तू शेजारचं भांडं कधी रिकामं परत करत नाहीस ना, म्हणून सिनेमा झाल्यावर मी पडदा धुतला, उसवला होता तिथे टाके घातले आणि मग दिला. हात अजून भरून आलेत. त्यांच्या म्होरकीने तेव्हा तो नुसता घेऊन ठेवला. आज मात्र हॉलमध्ये राहिलेल्या आमच्या खुर्च्या उचलायला त्यांचीच माणसं आली. पुढचा कार्यक्रम दोन्ही क्लबांनी मिळून करायचा म्हणतात. त्याच्या तारखेवरून भांडूनही झालं.

बाबा आणि काका अजून बोलत नाहीत का गं? त्यांचं भांडण झालं त्या दिवसापासून काकूचा डबा आपल्याच फडताळात पडून आहे. रिकामा देऊ नकोस, पण आता नेऊन दे.

तुझी,
दमलेली लेक