जेकुराच्या टेबलाचं बूड

रविवार, २ ऑगस्ट

चर्चनंतर सगळ्यांसमोर जाहीर झालं: एवाल्ड, म्हणजे मी, आता परेडच्या पलटणीचा सार्जंट. तेवीस तारखेला, आम्हा हेरेरो लोकांच्या लाल निशाणाच्या दिवशी, ओकाहान्जाच्या रस्त्यावरून पलटण पूर्वजांच्या कबरींकडे निघेल तेव्हा मी पुढच्या रांगेत. जुनं जाकीट पोटावर बसत नाही. कापड आटलंय. नवं जेकुरा शिवेल. बायको शिवणारी असली की निम्मी लढाई जिंकलीच.

पण तिच्याकडे पलटणीतल्या बायकांचे लाल झगेही आलेत. एकेका झग्याचं कापड खोलीभर पसरतं आणि ती जमिनीवर रांगत कापते. आज उठताना माझा खांदा धरला. म्हणाली, माझे गुडघे गेले. कापायला टेबल झालं तर ठीक, नाहीतर शिवणाचं मशीन उचलून विंडहुकला बहिणीकडे जाते ती कायमची. तिथे टेबल आहे, आणि मध्ये मध्ये लुडबूड करणारं कुणी नाही.

मी म्हणालो, आठवड्यात टेबल! वरचं प्लायवूड तर मी ईस्टरलाच आणून ठेवलंय. राहिलं काय? नुसतं बूड. खाली काहीतरी भक्कम हवं, बस.

ती गेली तर घर खायला उठेल. मला काही नाही, मी गुरांकडे जाईन. पण घराला ते बरं दिसणार नाही.

सोमवार, ३ ऑगस्ट. सकाळी ६

निश्चय: आज बूड. पिकअप काढली. जेकुरा म्हणाली, आधी मागच्या अंगणातलं सामान बघा, तिथे काही ना काही सापडेल. बायकांची नजर अंगणापलीकडे जात नाही.

संध्याकाळी. कारिबिबपर्यंत गेलो. शाळेची जुनी लोखंडी कपाटं मिळतात असं ऐकलं होतं. ती मागच्या वर्षी मिळत होती. वाळवलेलं मांस चांगलं मिळालं. दिवस वाया गेला असं म्हणता येणार नाही.

बुधवार, ५ ऑगस्ट

भावाच्या गुरांच्या तळावरून पत्र्याची पाण्याची कुंडी आणली. पालथी घातली की काय भक्कम! पन्नास गाई पाणी प्यायल्या तरी हलली नाही, कात्रीनं काय हलणार?

जेकुरानं वास घेतला. म्हणाली, मेलेल्या आजोबांसमोर बायका शेणाचा वास मारत चालणार का? मी म्हणालो, आपल्या आजोबांना हा वास परका नाही. तिनं कुंडीत साबण भिजवला. आता ती धुण्याची कुंडी आहे.

शनिवार, ८ ऑगस्ट

शाळेची चार बाकं, दोन शाळांमधून. उंची जवळपास सारखी. जिथे नव्हती तिथे मी पुठ्ठे घातले. वर प्लायवूड. झकास.

दुपारी टेबल डुललं, कात्री घसरली. उसिएलच्या बायकोच्या झग्याची एक बाही दुसरीपेक्षा आखूड झाली. मी म्हणालो, हात वर केला तर कळणार नाही. जेकुरानं कात्री खाली ठेवली. ती कात्री खाली ठेवते तेव्हा मी पिकअप काढतो. आज ओमारुरूच्या रस्त्यावर बराच लांब गेलो.

मंगळवार, ११ ऑगस्ट

घरात बसवत नाही. कालपासून तीनदा गावात जाऊन आलो. पेट्रोल महाग झालंय, कुणीतरी सरकारला सांगायला हवं.

उसिएल भेटला. पलटणीत तो अजून कॉर्पोरल, पण माणूस वाईट नाही. बाहीचा विषय मी काढला नाही, त्यानं काढला. मग म्हणाला, अरे, तू जन्मभर पालिकेच्या रस्ते खात्यात सिमेंट ओतलंस आणि बाकं कसली गोळा करतोस?

खरंच की! चार तेलाचे ड्रम, कमरेपर्यंत कापायचे, आत काँक्रीट. माझं मलाच हसू आलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

शुक्रवार, १४ ऑगस्ट

जेकुरा चर्चच्या बायकांसोबत दोन दिवस बाहेर. तिला सरप्राइज. शिवणाच्या खोलीत चार ड्रम मांडले, काँक्रीट ओतलं, गजानं ठोकलं, बुडबुडा ठेवला नाही. वर दोन प्लायवूड जोडून स्क्रूनं आवळलं. त्यावर नाचलो. हललं नाही.

वाटेचीही काळजी घेतली. टेबलाच्या चारी बाजूंनी स्वतः चालून पाहिलं, हातात ताकाचा भरलेला मग घेऊन. थेंब सांडला नाही. असं काम करायला अनुभव लागतो.

शनिवार, १५ ऑगस्ट

जेकुरा आली. दारात उभी राहिली, टेबल पाहिलं, डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तुम्ही केलंत? मी म्हणालो, मग काय! ती आत शिरली आणि पहिल्या ड्रमपाशी अडकली.

झगा. खाली घेर फुगवणारे परकर, एकावर एक. भिंत आणि टेबल यांच्यामधून मी सहज जातो, ती जाऊ शकत नाही. आडवी झाली, उलटी झाली, शेवटी मी मागून ओढून काढली. डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं बांधलेल्या फडक्याचं एक शिंग वाकलं.

म्हणाली, ही वाट कुणाच्या मापानं ठेवलीत? खरं तेच सांगितलं, माझ्या. म्हणाली, लग्न झाल्या दिवसापासून मी हेच घालते. तुम्ही कधी बघितलंच नाहीत का हो मला?

मी तोडगा सुचवला: खोलीत कुणी नसतं, परकर काढून काम कर. लग्न झालेल्या हेरेरो बाईला असं सांगणारा माझ्याआधी कुणी झाला नसावा. ती काय म्हणाली ते लिहीत नाही.

सोमवार, १७ ऑगस्ट

आता जमीनही उरली नाही. सगळी खोली टेबलानं व्यापली आहे.

घाबरण्यासारखं काही नाही. ड्रम थोडे सरकवायचे. खिडकीतून दोर घातला, ड्रमला बांधला, दुसरं टोक पिकअपला. गिअर टाकला. खिडकी आली. चौकटीसकट. ड्रम तिथेच. काँक्रीट एक नंबर झालंय, हे मात्र सिद्ध झालं.

मंगळवार, १८ ऑगस्ट

जेकुरानं मशीन चादरीत बांधलं. बहिणीचा मुलगा गुरुवारी मिनीबस घेऊन येतोय. उरलेले झगे ती तिकडे कापणार, बहीण हाताशी असेल. जाकिटाचं विचारलं. म्हणाली, बघू.

जेवण गेलं नाही. मांस चिवट होतं.

पण मी हरलेलो नाही. ठरवलं: उद्या पहाटे मीच विंडहुकला जातो, दुकानातून घडीचे लोखंडी पाय आणतो, ती निघायच्या आत खेळ खलास. तिला सांगितलं. म्हणाली, नका जाऊ. एक दिवस, फक्त एक दिवस घरात बूड टेकवा. मी म्हणालो, तुझ्यासाठीच तर पळतोय! म्हणाली, पळताय खरं.

किल्ली उशाशी घेतलीय.

बुधवार, १९ ऑगस्ट

पहाटे उठलो तर जेकुरा बिछान्यात नाही. वाटलं, मिनीबस आजच आली. तसाच अनवाणी बाहेर धावलो.

अंगणात पिकअप जमिनीला टेकलेली. चारही टायर सपाट. मागच्या हौद्यावर माझं प्लायवूड, प्लायवूडवर लाल कापड. आणि जेकुरा भोवती फिरत होती, पूर्ण झग्यात, घेर हलवत, कुठेही न अडकता. टेबलाचे स्क्रू तिनं पाव कापायच्या सुरीनं काढले होते. टायरची हवाही तिनंच सोडली. म्हणाली, हवा होती तेव्हा उंच होत होतं, आता बरोबर कमरेला येतं.

मी म्हणालो, ही माझी गाडी आहे. म्हणाली, हो ना, भक्कम आहे. वारा सुटलाय, ते टोक धरा. आणि हलू नका.

धरलं. उसिएल कुंपणापाशी येऊन बघत राहिला. त्याला म्हणालो, कल्पना माझीच.

दिवसभर एका जागी उभा होतो. पाय भरून आले. एकदाही गावात गेलो नाही. गावानं काही निरोप पाठवला नाही.

गुरुवार, २० ऑगस्ट

भाचा मिनीबस घेऊन आला. चहा प्यायला, टेबल बघून पोट धरून हसला, रिकामाच परत गेला. धूळ डोळ्यांत गेली म्हणून मी डोळे पुसत होतो.

मशीन चादरीतून बाहेर आलं. दिवसभर टोक धरलं.

शनिवार, २२ ऑगस्ट

परेडला पिकअप हवीच. पंप उसिएलकडे आहे. मागायला गेलो. म्हणाला, माझ्या बायकोची नवी बाही अजून तुझ्या गाडीवर आहे. ती अंगात चढल्याशिवाय पंप मिळणार नाही. कॉर्पोरलनं सार्जंटला असं बोलावं!

रविवार, २३ ऑगस्ट

पायीच गेलो. बायका पुढे लाल रांगेत, शिंगं ताठ, गाई कळपात चालतात तशा सावकाश.

जाकीट सकाळी खुर्चीवर होतं. घातलं. खांदे बरोबर, बाह्या बरोबर, पोटावर बटणं लागली आणि श्वासही घेता आला. माप तर कधी दिलंच नव्हतं. विचारलं, अंदाज कसा केलास? म्हणाली, अंदाज कसला? रोज समोर असता, बघते की.

मी बटणं काढून पुन्हा लावली.

परतताना कानावर आलं, जेकुरा बायकांना सांगत होती: पुढच्या वर्षीही कापड माझ्याकडेच आणा, मी कुठे जात नाही, आता टेबल आहे.

घरीही पायीच आलो. चाकांच्या पुढेमागे तिनं विटा लावून ठेवल्यात, गाडी जागची हलू नये म्हणून.